वनौषधी, कोठार आणि काळमर्यादा

वस्तू जपणे आणि वस्तूतील गुण जपणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. व्यापाऱ्याच्या वहीत मालाचे वजन लिहिले जाते, भाव लिहिला जातो, उंदीर-किडीने झालेली तूटही लिहिली जाते. परंतु मालाच्या अंगी असलेला गुण कोठारात पडून किती उणा झाला, याचा रकाना कोणत्याही वहीत नसतो. धान्याच्या बाबतीत हे एकवेळ चालून जाईल. औषधी वनस्पतींच्या बाबतीत मात्र गुण हाच खरा माल होय. गुण गेला की उरतो तो केवळ पालापाचोळा. म्हणूनच वनौषधींच्या साठवणुकीचा इतिहास हा गुण टिकविण्याच्या विवेकाचा इतिहास आहे, आणि त्या विवेकाचा एक ठळक धागा जैन परंपरेतून आलेला आहे.

गोंदिया जिल्ह्याला या विषयाची जवळीक निसर्गानेच दिली आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा धानाचा, तलावांचा आणि वनांचा प्रदेश म्हणून ओळखला जातो. देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव या तालुक्यांच्या रानांतून हिरडा, बेहडा, आवळा, गुळवेल, शतावरी, बेल, मोहफूल अशी संपदा पिढ्यान्‌पिढ्या गोळा होत आली. गोंड, हलबा आदी समाजांतील स्त्री-पुरुष ती वेचतात, अंगणात वाळवितात आणि आठवडी बाजारात आणतात. तेथून ती किरकोळ खरेदीदार, मोठे व्यापारी, कारखाने असा प्रवास करीत पुन्हा घरोघरच्या डब्यांत पोहोचते. झाड ते डबा हा प्रवास कित्येकदा वर्षाहून अधिक काळ चालतो. या काळात त्या फळा-मुळांत काय घडते, हा प्रश्न नवा नाही.

प्राचीनांचे भेषजागार

चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधी केव्हा गोळा करावी हे सांगून झाल्यावर ती कशी ठेवावी याचेही सविस्तर वर्णन येते. कोठाराचे दार पूर्वेस वा उत्तरेस असावे. जोराचा वारा आत घुसू नये, पण एका बाजूने हवा खेळती राहावी. आग, पाणी, ओलसर वाफ, धूर, धूळ, उंदीर आणि जनावरे यांचा तेथे शिरकाव नसावा. औषधी योग्य पात्रांत नीट झाकून शिंक्यावर टांगून ठेवाव्यात, असा त्या वर्णनाचा सारांश आहे. सुश्रुतसंहितेत औषधी ठेवण्याची साधने म्हणून कापडाचे तुकडे, मातीची भांडी, लाकडी फळ्या आणि खुंट्या यांचा उल्लेख आहे.

या सूचनांकडे आजच्या दृष्टीने पाहिले तर त्यांतील नेमकेपणा लक्षात येतो. पूर्व-उत्तरेकडील दारामुळे दुपारनंतरचे प्रखर ऊन आत येत नाही, म्हणजे उष्णता आणि प्रकाश दोन्ही टळतात. शिंक्यामुळे जमिनीची ओल लागत नाही. कापडात बांधलेली मुळी श्वास घेते. तिच्यातील उरलासुरला ओलावा बाहेर पडतो आणि ती कुबट होत नाही. मातीचे भांडे उजेड अडविते. विदर्भातील जुन्या घरांत बांबूची शेणाने लिंपलेली ढोली, आढ्याला टांगलेले शिंके आणि चुलीपासून दूर ठेवलेले मडके ही सर्व याच विचाराची लौकिक रूपे होत.

काळाची मोजणी मात्र सर्वांत स्पष्टपणे शार्ङ्गधरसंहितेत आली. तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास रचल्या गेलेल्या या ग्रंथाने प्रत्येक औषधरूपाला त्याचे आयुष्य नेमून दिले. वाळलेली वनस्पती एका वर्षानंतर हीनगुण होते; तिचेच चूर्ण केले तर दोन महिन्यांत त्याचे वीर्य उणावते; गुटिका आणि अवलेह वर्षभर टिकतात; आसव-अरिष्टे आणि धातूंची भस्मे मात्र जितकी जुनी तितकी चांगली. त्याबरोबरच गुळवेल, अडुळसा, शतावरी, अश्वगंधा, कुडा, कोहळा अशा काही वनस्पती सदैव ताज्याच वापराव्यात, आणि वावडिंग, पिंपळी, गूळ, धने, तूप, मध हे पदार्थ मात्र जुने घ्यावेत, असा भेदही त्याने केला. साठवण ही सर्व द्रव्यांस सारखीच बाधक नसते. कोणाला ती मारते, कोणाला ती पिकविते, हे त्या काळच्या वैद्यांना ठाऊक होते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. अखंड मुळी वर्षभर टिकते आणि तिचे चूर्ण दोनच महिने, असे का? फळ वा मूळ अखंड असते तोवर त्याची साल हेच त्याचे कोठार असते. कुटले की आतील प्रत्येक कण हवेला, उजेडाला आणि ओलीला सामोरा जातो. निसर्गाने दिलेली पेटी फोडून वस्तू उघड्यावर मांडावी, तसा हा प्रकार आहे.

मधाविना, मद्याविना

या परंपरेत जैन आचार्यांनी स्वतःची अशी भर घातली. नवव्या शतकात उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ संस्कृतात रचला. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांचा तो काळ. मांस, मद्य आणि मध यांचा त्याग करून चिकित्सा कशी करावी, हा या ग्रंथाचा विशेष. त्याच्या अखेरीस जोडलेल्या हिताहित प्रकरणात मांसाहाराच्या निरुपयोगित्वाची चर्चा राजसभेच्या संदर्भात आलेली आहे. हा ग्रंथ १९४० मध्ये सोलापूर येथून पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांच्या संपादनाने प्रकाशित झाला आणि विस्मृतीत गेलेली जैन वैद्यकाची शाखा अभ्यासकांसमोर आली.

मध आणि मद्य वर्ज्य करण्यामागे जीवदयेची भूमिका आहे, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या त्यागाचा औषधांच्या साठवणुकीशी असलेला संबंध सहसा ध्यानात येत नाही. मध आणि मद्य हे प्राचीन औषधनिर्मितीतील दोन प्रमुख रक्षक पदार्थ होत. मधात पाणी इतके कमी आणि साखर इतकी दाट असते की त्यात सूक्ष्म जीवांची वाढ होत नाही. आसव-अरिष्टांत आपोआप तयार होणारे मद्य द्रव औषधाला कुजू देत नाही. म्हणूनच ती वर्षानुवर्षे टिकतात. या दोन्हींचा त्याग करणाऱ्या वैद्याच्या हाती उरले ते वाळविणे, तूप, गूळ, साखर आणि ताजी औषधी. ज्याच्याकडे रक्षक पदार्थ कमी, त्याला काळावर अधिक नजर ठेवावी लागते. काळमर्यादेचे भान जैन आचारात इतके खोल का रुजले, याचे एक व्यावहारिक कारण येथे सापडते.

आचारातील पंचांग

हे भान ग्रंथांपुरते राहिले नाही, ते घराघरांच्या स्वयंपाकघरांत उतरले. दिगंबर परंपरेत दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ दिवस आणि हिवाळ्यात ७ दिवस मानली जाते. कुटलेल्या मसाल्यांनाही बहुधा हीच मर्यादा लावतात. श्वेतांबर परंपरेत मिठाईसाठी पावसाळ्यात १५, उन्हाळ्यात २० आणि हिवाळ्यात ३० दिवस असे कोष्टक प्रचलित आहे. फाल्गुन चौमासीपासून कार्तिकी चौमासीपर्यंत पालेभाज्या आणि सुकामेवा वर्ज्य करण्याची रीतही याच परंपरेतील. ज्या पदार्थाचा वर्ण, गंध, रस किंवा स्पर्श पालटला तो ‘चलित रस’ समजून अभक्ष्य ठरतो.

या आकड्यांचा क्रम पाहावा. सर्व कोष्टकांत पावसाळ्याची मर्यादा सर्वांत कमी आणि हिवाळ्याची सर्वांत अधिक आहे. पदार्थ एकच, पण ऋतू पालटला की त्याचे आयुष्य पालटते. या नियमांचा मूळ हेतू सूक्ष्म जीवांची हिंसा टाळणे हा आहे. आरोग्य किंवा औषधी द्रव्ये हा नव्हे. हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. आजच्या विज्ञानाचे शब्द त्या काळच्या आचार्यांच्या मुखी घालणे हा त्यांचा सन्मान नव्हे. परंतु ओल आणि उष्णता वाढली की पदार्थात जीवोत्पत्ती होते व रस पालटतो, हे त्यांचे निरीक्षण अचूक होते, आणि जी परिस्थिती सूक्ष्म जीवांना पोषक तीच औषधी गुणांना मारक, हे पुढे सिद्ध झाले.

औषधींच्या बाबतीतही या आचारात सूक्ष्म भेद आहेत. ओले आले आणि ओली हळद ही जमिनीखालची, अनंतकाय म्हणून वर्ज्य. तीच पूर्ण वाळून सुंठ आणि हळकुंड झाली की बहुतेक परंपरांत ग्राह्य ठरतात. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेतील अणाहारी वस्तूंच्या यादीत त्रिफळा, कुटकी, किराईत, गुळवेल आणि कडुनिंब यांचा समावेश आढळतो. म्हणजे जैन घरात वाळलेल्या औषधींचा डबा हा केवळ वैद्यकाचा नव्हे तर आचाराचाही भाग होता. ओले सोडून वाळलेले स्वीकारणाऱ्या समाजाने वाळलेल्याची निगा कशी राखावी, हे शिकणे क्रमप्राप्तच होते.

रेल्वे, हिरडा आणि व्यापार

घरगुती डब्यापुरता असलेला हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात बाजारपेठेचा प्रश्न झाला. १८८० च्या दशकात नागपूर-राजनांदगाव लोहमार्ग झाला आणि पुढे तो बंगाल-नागपूर रेल्वेकडे आला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरकडे अरुंद मापाची, आणि दक्षिणेस नागभीड-चांद्याकडे जाणारी अशा गाड्या सुरू झाल्या. भंडारा जिल्ह्यातील एक लहानसे गाव पाहता पाहता जंक्शन झाले. गुजरात, राजस्थान आदी प्रांतांतून आलेली व्यापारी कुटुंबे येथे स्थिरावली. धान, तेंदूपाने, लाख आणि रानमेवा यांची पोती येथून दूरवर जाऊ लागली.

रानमेव्यात हिरड्याचे स्थान मोठे होते. त्रिफळ्यातील हा घटक युरोपात मात्र औषध म्हणून नव्हे, तर कातडी कमाविण्यासाठी आणि रंगकामासाठी जात असे. जॉर्ज वॅट यांनी १८८९ ते १८९३ या काळात प्रसिद्ध केलेल्या भारतीय आर्थिक उत्पादनांच्या बृहत्‌कोशात हिरड्याची सविस्तर नोंद आहे. परदेशी बाजारात मालाच्या प्रती गावांच्या नावांनी ओळखल्या जात. जबलपुरी, भिमली, वेंगुर्ली, मद्रासी अशी ती नावे होती. जबलपुरी हिरड्याच्या ‘जे-१’ आणि ‘जे-२’ या प्रती प्रसिद्ध होत्या. मध्य प्रांताच्या रानांतील माल या प्रतींखाली जगभर पोहोचत असे.

कापडाच्या व्यवसायातही हिरड्याचे महत्त्व जुने. सुती धाग्यावर रंग सहजी बसत नाही. त्यासाठी कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवितात. हिरड्यातील तुरट द्रव्य धाग्याला चिकटते, त्यावर तुरटी धरते आणि तुरटीवर रंग धरतो. कलमकारीच्या कापडाला तर हिरडा आणि दूध यांचा हात दिल्याशिवाय पुढचे काम होत नाही. जे तुरट द्रव्य कापडावर रंग धरून ठेवते, त्याच वर्गातील द्रव्ये हिरड्याच्या औषधी गुणाचेही मूळ होत. म्हणूनच रंगाऱ्याची कसोटी आणि वैद्याची कसोटी एकच ठरली. फळ भरीव असावे, हलविल्यास खुळखुळू नये, रंग पिवळसर असावा, फोडल्यास आतून काळपट वा किडलेले नसावे. पोत्यात ओल शिरलेला, छिद्रे पडलेला हिरडा खालच्या प्रतीत जात असे. गुण कमी झाला तर भाव कमी, हा व्यापारातील रोकडा न्याय होता.

कातडी कमाविणाऱ्या कारखान्यांना आणखी एक अनुभव येई. हिरड्याचे पाणी काही दिवस ठेवले की त्यातील तुरट द्रव्याचे विघटन होऊन फिकट साका तळाशी बसे. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी याचा उलगडा केला. हिरड्यातील चेब्युलिनिक आणि चेब्युलाजिक ही मोठ्या रेणूंची आम्ले पाण्याच्या सान्निध्यात हळूहळू तुटतात आणि त्यांतून गॅलिक, एलाजिक अशी लहान आम्ले निर्माण होतात. पोत्यातील ओल हेच काम संथपणे करीत असते. वजन तेच राहते, रूप जवळजवळ तेच राहते, द्रव्य मात्र पालटलेले असते.

प्रयोगशाळेची साक्ष

विसाव्या शतकात अशा अनेक अनुभवांना रसायनशास्त्राचा आधार मिळाला. हळदीतील कुर्कुमिन हे रंगद्रव्य १८१५ मध्ये आणि मिऱ्या-पिंपळीतील पायपरिन १८१९ मध्ये प्रथम वेगळे काढण्यात आले होते. ही दोन्ही द्रव्ये प्रकाशाला हळवी आहेत. हळदीची पूड काचेच्या पारदर्शक बरणीत खिडकीशी ठेवली तर तिचा रंग फिका पडतो; हा केवळ रंगाचा नव्हे, कुर्कुमिनचाच ऱ्हास होय.

सुंठीची कथा अधिक उद्‌बोधक आहे. १९१७ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ हिरोशी नोमुरा यांनी आल्यातील तिखट द्रव्यांचा शोध घेतला आणि त्यांतील एकाला, आल्याच्या ‘शोगा’ या जपानी नावावरून, शोगाओल हे नाव दिले. ओल्या आल्यात मुख्यत्वे जिंजेरॉल असते. आले वाळताना त्यातील काही जिंजेरॉलमधून पाण्याचा रेणू निघून जातो आणि त्याचे अधिक तिखट अशा शोगाओलमध्ये रूपांतर होते. आले आणि सुंठ यांना आयुर्वेदाने भिन्न द्रव्ये मानून त्यांचे भिन्न गुण सांगितले, ते याच कारणाने यथार्थ ठरते. येथे साठवणुकीची पहिली पायरी, म्हणजे वाळविणे, ही हानी नसून संस्कार आहे. मात्र सुंठही पुढे अयोग्य रीतीने वर्षानुवर्षे ठेवली तर तिचे सुगंधी तेल उडून जाते आणि उरलेली तिखट द्रव्येही क्षीण होतात.

आवळ्याची गोष्ट निराळी आहे. हंगेरीचे शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ मध्ये ज्या कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले त्यात क जीवनसत्त्वाच्या शोधाचा समावेश होता. त्यानंतर भारतीय संशोधकांचे लक्ष आवळ्याकडे वळले. १९३९-४० च्या हिस्सार भागातील दुष्काळात हिरड्या सुजणाऱ्या स्कर्व्ही रोगावर आवळ्याचा उपयोग करण्यात आला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत ताज्या आवळ्याच्या १०० ग्रॅम गरात ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दाखविलेले होते. २०१७ च्या नव्या तक्त्यात हा आकडा बराच कमी आहे. तरीही नित्याच्या फळांत आवळ्याचे स्थान वरचेच राहिले. हे जीवनसत्त्व हवा, उष्णता आणि प्रकाश या तिन्हींना घाबरते. कडक उन्हात अनेक दिवस वाळविलेल्या आवळकाठीत ते पुष्कळ घटते. पुढे पूड करून ठेवल्यास ते आणखी जाते. आवळ्यातील तुरट द्रव्ये त्यामानाने अधिक टिकतात, म्हणून आवळकाठी निरुपयोगी ठरत नाही. पण ताज्या आवळ्याचे काम जुन्या आवळकाठीकडून अपेक्षिणे चुकीचे होय.

तुळस, ओवा, लवंग, वेलदोडा यांचा गुण त्यांच्या उडून जाणाऱ्या तेलात असतो. ओव्यातील थायमॉल, लवंगेतील युजेनॉल ही अशी तेले होत. डबा उघडताच घरभर दरवळणारा वास सुखद असतो खरा. पण तो डब्यातून निघून जाणारा गुणच होय. अखंड लवंग हे तेल आपल्या पेशींत कोंडून ठेवते, पूड ते ठेवू शकत नाही. रासायनिक क्रियांचा वेग तापमान दहा अंशांनी वाढले की ढोबळमानाने दुप्पट होतो, असा नियम सांगितला जातो. विदर्भातील वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या छपराखालच्या गोदामात त्याहून अधिक. डिसेंबरात जी हानी महिन्यात होईल, ती मे महिन्यात आठवड्यात होते.

ओलीचा धोका तर केवळ गुणहानीपुरता नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मरण पावले आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाचा शोध लागला. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या भागांतील आदिवासी गावांत अवकाळी पावसाने भिजलेला आणि तसाच साठविलेला मका खाल्ल्याने यकृताचा आजार पसरला. शंभराहून अधिक माणसे दगावली. ती धान्याची गोष्ट होती. परंतु तीच बुरशी अर्धवट वाळलेल्या फळा-मुळांवरही वाढते. गोंदियासारख्या भरपूर पावसाच्या, चार महिने ओलसर हवेच्या जिल्ह्यात ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. बुरशी झटकून पुन्हा उन्हात घातलेली औषधी दिसायला स्वच्छ होते. विष मात्र उन्हाने जात नाही.

दोन महिने की दोन वर्षे?

स्वातंत्र्योत्तर काळात औषधनिर्मिती खलबत्त्यातून कारखान्यात गेली. वैद्य रोग्यासाठी पुडी बांधी, तेव्हा चूर्णाचे वय काही दिवसांचे असे. कारखान्यातील चूर्ण महिनोन्‌महिने दुकानात राहू लागले. प्रारंभी आयुर्वेदिक औषधांवर मुदत छापण्याचे बंधन नव्हते. २००९ मध्ये केंद्र शासनाने १९४५ च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत १६१-ब हा नियम समाविष्ट करून प्रत्येक औषधरूपाची मुदत निश्चित केली. त्यात चूर्णासाठी दोन वर्षांची मुदत ठरली.

शार्ङ्गधराचे दोन महिने आणि शासनाची दोन वर्षे यांत बारापट अंतर आहे. यात कोणी एक खोटा ठरत नाही. शार्ङ्गधराचे चूर्ण कापडाच्या पुरचुंडीत वा मडक्यात राही. आजचे चूर्ण यंत्राने वाळवून, हवाबंद वेष्टनात भरले जाते. वेष्टन सुधारले म्हणून आयुष्य वाढले. परंतु यात दोन गोष्टी ध्यानी घ्याव्या लागतात. पहिली, ही वाढीव मुदत बंद वेष्टनाला मिळालेली आहे. वेष्टन फोडून पूड स्वयंपाकघरातील पारदर्शक डब्यात ओतली, तिच्यात ओला चमचा गेला, की शार्ङ्गधराचे जुने घड्याळ पुन्हा सुरू होते. दुसरी, मुदत औषध तयार केल्याच्या दिनांकापासून मोजली जाते. त्यापूर्वी तो हिरडा वा ती मुळी किती महिने पोत्यात पडून होती, हे वेष्टनावर छापलेले नसते.

हीच उणीव ओळखून जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये औषधी वनस्पतींच्या लागवड व संकलनाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि त्यांत वाळविणे, भरणे, साठविणे व नोंदी ठेवणे यांवर भर दिला. भारतात २००० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळानेही पुढे याच दिशेने काम केले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील ग्रामस्थांचा अधिकार मान्य केल्यावर तर संकलन आणि साठवण यांचे ज्ञान थेट गावपातळीवर पोहोचणे अधिकच निकडीचे झाले आहे. रानात फळ वेचणाऱ्या हाताला ते नीट वाळविण्याचे साधन आणि त्याचे योग्य मोल मिळाले, तर पुढच्या सर्व साखळीत गुण टिकतो. तेथेच ओला माल घाईने पोत्यात भरला गेला, तर पुढे कोणतेही वेष्टन तो गुण परत आणू शकत नाही.

औषधदानाची कसोटी

जैन परंपरेने आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार सांगितले. त्यांतील औषधदानाची प्रेरणा घेऊन महाराष्ट्रातील व मध्य भारतातील अनेक गावी धर्मार्थ औषधालये उभी राहिली. दात्यांनी द्रव्य दिले, वैद्यांनी सेवा दिली, आणि हजारो रुग्णांना विनामूल्य औषधे मिळाली. ही परंपरा गौरवास्पद आहे. आणि ती गौरवास्पद आहे म्हणूनच तिच्याबाबत एक प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. कपाटातून दिल्या जाणाऱ्या पुडीत औषध किती शिल्लक आहे?

हिशेबशास्त्रात घसारा नावाची एक संकल्पना आहे. यंत्र वापरले नाही, तरी काळाबरोबर त्याचे मोल घटते, आणि ते घटलेले मोल प्रामाणिकपणे वहीत दाखवावे लागते. न दाखविल्यास ताळेबंद फुगलेला दिसतो, पण तो खरा नसतो. औषधींनाही असा घसारा असतो. शंभर पुड्या वाटल्याची नोंद अहवालात शोभून दिसते. पण त्या पुड्यांतील चूर्ण चार पावसाळे पाहिलेले असेल, तर ते दान कागदावरचे ठरते. अधिक विषाद वाटावा अशी गोष्ट अशी की, सालेकसा-देवरीच्या रानात ज्या माउलीने ऊन सोसून ताजा हिरडा वेचला, तिच्याच घरी आजारपणात तोच हिरडा दोन-तीन वर्षांनी निःसत्त्व चूर्ण होऊन परत यावा. तिने दिले होते गुणासह. तिला मिळते गुणावाचून.

यावर उपाय अवघड नाहीत, खर्चिक तर मुळीच नाहीत. औषधी शक्यतो अखंड ठेवावी आणि लागेल तितकीच कुटावी. डबा अपारदर्शक, कोरडा आणि घट्ट झाकणाचा असावा. तो चुलीपासून, खिडकीपासून आणि ओल्या भिंतीपासून दूर असावा. प्रत्येक डब्यावर औषधी गोळा केल्याचा अथवा खरेदीचा दिनांक लिहावा. आधी आलेला माल आधी वापरावा. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा सर्व साठा तपासावा. वर्ण, गंध, रस वा स्पर्श पालटलेले असेल ते मोह न ठेवता काढून टाकावे. गुळवेल, अडुळसा, तुळस यांसारख्या औषधी परसात वा औषधालयाच्या आवारात लावाव्यात, म्हणजे त्या साठविण्याचा प्रश्नच उरणार नाही. आणि व्याधी गंभीर असेल तर घरगुती डब्यावर विसंबून न राहता वैद्य वा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हे सांगणे नलगे.

यांतील जवळजवळ प्रत्येक सूचना चरकाच्या भेषजागारात, शार्ङ्गधराच्या कालगणनेत किंवा श्रावकाच्या मर्यादेच्या कोष्टकात कोठे ना कोठे आधीच आलेली आहे. पूर्वजांजवळ हवाबंद डबे नव्हते, प्रशीतक नव्हते, रेणूंची नावेही नव्हती. त्यांच्याजवळ होते ते काळाचे भान. पुढील पिढ्यांजवळ साधने आली आणि त्या साधनांच्या भरवशावर ते भान ओसरले. घरातील आजी ऋतू पाहून पीठ दळीत असे आणि अपरिग्रहाचे व्रत पाळणारा श्रावक गरजेपुरतेच साठवीत असे. कमी साठविणे हाच गुण जपण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग होता, हे त्या व्रताने नकळत शिकविले.

दान देणाऱ्याने आपल्या दानाचे वय पाहावे. डब्यावरील एक लहानशी चिठ्ठी आणि तिच्यावरील दिनांक इतकेच त्यासाठी पुरेसे आहे.